कोरम: किती माणसं, कुठल्या यादीतली, किती वाजता?

सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकावी लागते. त्यामुळे ऑगस्ट संपता संपता पुण्यातल्या नोटीस बोर्डांवर सभेच्या सूचना लागतात आणि आमच्याकडे ‘कोरम’बद्दलची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान उपस्थितीबद्दलची, पत्रं वाढतात. यंदा सोसायट्यांच्या जोडीला एक गणेश मंडळ, एक ग्रामपंचायत, दोन भावांची कंपनी आणि हिंजवडीचे एक अभियंतेही आहेत. म्हणून या वेळचं सगळं सदर याच शब्दाला दिलं आहे.

आमच्या सोसायटीत ४२ सभासद आहेत. वार्षिक सभेला बारा-पंधरा जण येतात. अर्धा तास थांबून आम्ही सभा घेतो. या वेळी एका सभासदांनी लेखी हरकत घेतली आहे: दोन-तृतीयांश म्हणजे २८ जण हवेत, त्याशिवाय सगळे ठराव बेकायदा. खरं काय?
— सोसायटीच्या सचिव, कोथरूड

२८ हा आकडा त्यांनी बरोबर काढला आहे, पण नियम अर्ध्यावर वाचणं सोडलं आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजेच कोरम, ‘एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यापैकी जी संख्या कमी असेल ती’ अशी आहे. २८ आणि २० मध्ये कमी २०. तेव्हा तुमचा कोरम २० चा. कोरमविषयीचा कुठलाही नियम वाचताना हे शेवटचे चार-पाच शब्द आधी वाचावेत. ‘जी कमी असेल ती’ आणि ‘जी जास्त असेल ती’ यांत सगळा फरक पडतो. कोरमवरून होणाऱ्या बहुतेक भांडणांचं मूळ याच शेपटात असतं.

छोट्या सोसायट्यांना २० चा आकडा लागू पडत नाही, तिथे दोन-तृतीयांशच पाहायचे. १२ सभासद असतील तर ८. १४ असतील तर ९.३३ येतात, नऊ जणांनी दोन-तृतीयांश भरत नाहीत, म्हणून १०. २५ असतील तर १७. सभासद २९ झाले की आकडा २० ला टेकतो आणि तिथून पुढे हलत नाही, मग सोसायटी ६० घरांची असो की ६०० घरांची.

हे गणित सोपं आहे. चुका होतात त्या पुढच्या तीन गोष्टींत.

पहिली, एकूण सभासद कुठून मोजायचे. फ्लॅट मोजू नका, सभासद नोंदवही उघडा. ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यांतली नावं हीच एकूण संख्या. बिल्डरकडे पडून असलेला फ्लॅट, विकला गेलेला पण हस्तांतर न झालेला फ्लॅट, वारसनोंद रखडलेला फ्लॅट, या सगळ्यांचा निकाल नोंदवहीत काय लिहिलं आहे त्यावर लागतो. नवा मालक दोन वर्षं राहतो आहे, देखभाल शुल्कही भरतो आहे, पण सभासद म्हणून दाखल करून घेतलेला नाही, तर तो कोरममध्ये धरता येत नाही.

दुसरी, हजर कोणाला म्हणायचं. भाडेकरू मोजायचे नाहीत. एका फ्लॅटवर पती-पत्नी दोघांची नावं असतील आणि दोघंही सभेला आली, तरी मोजणीत एकच. पहिलं नाव असलेली व्यक्ती नसेल तर दुसऱ्या नावाच्या सभासदाने यायला हरकत नाही. ‘मुलगा अमेरिकेत आहे, मी त्याच्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर आलोय’ असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या, पण सही घेऊ नका. आदर्श उपविधींनुसार प्रॉक्सी, मुखत्यारपत्रधारक किंवा अधिकारपत्र घेऊन आलेली व्यक्ती सर्वसाधारण सभेला सभासदाच्या वतीने बसू शकत नाही.

तिसरी, आणि सगळ्यात जास्त घोळ होतो ती, म्हणजे वेळ. नोटिशीत सकाळी १० लिहिलं असेल तर १०.३० पर्यंत थांबायचं आणि १०.३० ला मोजायचं. तेव्हा २० नसतील तर सभा तहकूब. पुढे दोनच रस्ते आहेत. तहकूब सभेची वेळ मूळ नोटिशीत आधीच दिली असेल तर त्याच दिवशी त्या वेळी घ्यायची; नाहीतर ७ दिवसांच्या आत नाही आणि ३० दिवसांच्या नंतर नाही, अशा तारखेला. या तहकूब सभेला कोरमची अट नाही. बारा जण असले तरी चालतं, आणि त्यांनी केलेला ठराव बेचाळीस जणांवर बंधनकारक असतो.

म्हणजे तुमची अर्ध्या तासाची पद्धत ठीक आहे, पण ती नोटिशीतल्या एका वाक्यावर उभी आहे: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, सकाळी १०.३० वाजता तहकूब सभा घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ हे वाक्य नोटिशीत नसेल तर त्याच दिवशी पुन्हा सभा भरवता येत नाही. काही नोटिशींत १०.१५ ची वेळ टाकलेली आढळते. तीही चुकीची, कारण अर्धा तास पूर्ण होण्याआधी सभा तहकूबच होत नाही. नोटीस १४ पूर्ण दिवसांची हवी. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून १४, म्हणजे २८ सप्टेंबरच्या सभेची नोटीस १३ तारखेपर्यंत पोचलेली असावी.

तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घ्यायचे. माणसं कमी आहेत, विरोधकही आलेले नाहीत, तेवढ्यात लिफ्टच्या कंत्राटाचा नवा विषय उरकून घेऊ, हा मोह टाळा. उपनिबंधकांकडे तक्रार गेली की असा ठराव टिकवणं अवघड होतं.

हजेरीपटावर सहीपुढे वेळेचा एक रकाना वाढवा. इतिवृत्तात ‘कोरम नसल्यामुळे सभा अर्ध्या तासाने सुरू झाली’ एवढंच लिहिलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. असं लिहा: ‘सभेची नियोजित वेळ सकाळी १०.००. एकूण सभासद ४२, आवश्यक गणपूर्ती २०. सकाळी १०.३० वाजता १४ सभासद उपस्थित असल्याने गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात आली. नोटिशीत नमूद केल्यानुसार तहकूब सभा त्याच ठिकाणी सुरू झाली. उपस्थित सभासद १७.’ आकडे आणि वेळा असल्या की हरकतीला उत्तर इतिवृत्तच देतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी करून विशेष सभा बोलावायला लावली असेल आणि अर्ध्या तासात कोरम झाला नाही, तर ती सभा तहकूब होत नाही, रद्दच होते. सभा मागणाऱ्यांनी निदान स्वतः तरी यावं, एवढी अपेक्षा रास्तच म्हणायची.

मग हा २८ चा आकडा आला कुठून? आमच्याकडेही पुनर्विकासाच्या सभेत कोणीतरी दोन-तृतीयांशचा मुद्दा काढला होता.
— सभासद, एरंडवणे

तिथे तो मुद्दा बरोबर आहे. पुनर्विकासाला सर्वसाधारण सभेची नेहमीची गणपूर्ती चालत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ ला निघालेल्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश उपस्थिती लागते, आणि ठरावाच्या बाजूने एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के मतं लागतात. इथे ‘किंवा २०’ हे शेपूट नाही.

दोन्ही आकडे वेगळे मांडून पाहा. ४२ सभासद असतील तर सभा भरायला २८ जण हवेत. ४२ चे ५१ टक्के २१.४२, म्हणजे मतं २२ हवीत. २८ जण आले आणि १८ विरुद्ध १० असं मतदान झालं, तर हजर असलेल्यांत स्पष्ट बहुमत आहे, तरी ठराव नामंजूर. कोरम हा सभा भरण्याचा आकडा, बहुमत हा ठराव मंजूर होण्याचा. पहिला आकडा गाठला म्हणून दुसरा आपोआप गाठला जात नाही. ‘कोरम झालाय, आता पास’ असं मंडपातच कोणी म्हणालं, तर त्यांना मतं मोजायला बसवा.

उपविधी दुरुस्तीचं गणित आणखी निराळं. तिथे हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि निबंधकांकडे नोंदणी झाल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही.

आम्ही सोसायटी नाही, अपार्टमेंट आहोत. आम्हालाही २० चाच नियम ना?
— फ्लॅटधारक, औंध

नाही. पुण्यात अपार्टमेंट असोसिएशन भरपूर आहेत आणि ही गल्लत तितकीच भरपूर होते. तुम्हाला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम लागू आहे. तुमची गणपूर्ती डीड ऑफ डिक्लरेशनला (इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्राला) जोडलेल्या उपविधींत लिहिलेली असते, आणि मतांचं वजन प्रत्येक फ्लॅटच्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरतं. तळमजल्यावरच्या मोठ्या दुकानाचा मालक एकटा आला तरी त्याची टक्केवारी तीन छोट्या फ्लॅटइतकी असू शकते. तेव्हा नुसती डोकी मोजू नका. डिक्लरेशनची नोंदणीकृत प्रत काढा, टक्केवारीचा तक्ता हजेरीपटाशेजारी ठेवा. शेजारच्या सोसायटीची नोटीस उचलून फक्त नाव बदलायचं, असला प्रकार इथे अंगाशी येतो.

‘कोरम’ म्हणावं की ‘क्वोरम’? अनेकवचन ‘क्वोरा’ होतं का? आणि मराठीत गणपूर्ती बरोबर की गणसंख्या?
— निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

इंग्रजी बोलताना ‘क्वोरम’; सुरुवातीचा ‘क्व’ इंग्रजीत गाळत नाहीत. मराठी बोलताना ‘कोरम’ रूढ आहे, पुल्लिंगी चालतं आणि त्यात काही वावगं नाही. कोरम भरतो, होतो, मोडतो. ‘कोरम लागला’ असंही कानावर पडतं, पण ते ‘निकाल लागला’च्या चालीवर आलेलं दिसतं, लेखी इतिवृत्तात नको.

अनेकवचन ‘क्वोरम्स’. ‘क्वोरा’ चूक, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. लॅटिनमध्ये हे नाम नव्हतंच, सर्वनाम होतं, तेही षष्ठी बहुवचनात: ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडमध्ये शांतता राखण्यासाठी न्यायाधीश नेमताना राजाच्या आज्ञापत्रात एक ठरलेलं वाक्य असे. त्याचा आशय असा, की ‘ज्यांच्यापैकी तुम्ही अमुक एक असावं अशी आमची इच्छा आहे’. म्हणजे बाकीचे कोणीही असोत, पण या नावांपैकी एकजण बसला असल्याशिवाय काम चालायचं नाही. त्या वाक्यातला पहिला शब्द ‘क्वोरम’. आधी तो त्या खास न्यायाधीशांना लागला, मग किमान उपस्थितीला. संस्कृत येणाऱ्यांना त्यात ‘केषाम्’चा दूरचा नातेवाईक दिसेल, दोन्ही एकाच मुळातले. जो शब्द आधीच षष्ठी बहुवचनात आहे त्याचं पुन्हा लॅटिन अनेकवचन करता येत नाही.

गणपूर्ती हा शब्द राज्यघटनेच्या आणि कायद्यांच्या मराठीत आहे, म्हणून नोटीस, ठराव, इतिवृत्त यांत तोच वापरावा. गणसंख्या वर्तमानपत्रांत दिसतो आणि अर्थ पोचतो. पण एक बारकावा आहे. गणपूर्ती ‘होते’ किंवा ‘होत नाही’, आणि गणसंख्या ‘इतकी आहे’. ‘गणपूर्तीची संख्या’ असं लिहायची वेळ आली तर बिनधास्त लिहा, ते द्विरुक्त नाही.

ब्रिटिश इंग्रजीत ‘क्वोरेट’ आणि ‘इनक्वोरेट’ ही विशेषणंही आहेत: कोरम झालेली आणि न झालेली सभा. अमेरिकी माणसाला ती सहसा परकी वाटतात. दोघांनाही कळेल असं वाक्य हवं असेल तर ‘वी हॅव अ क्वोरम’ आणि ‘वी डू नॉट हॅव अ क्वोरम’ पुरे. ‘द क्वोरम इज फुल’ हे मात्र आपल्या ‘कोरम पूर्ण’चं भाषांतर आहे, ते टाळा. ‘डेकोरम’शी याचं काहीही नातं नाही, सभेत दोन्हींचा अभाव एकाच वेळी दिसला तरी.

उच्च न्यायालयाच्या निकालपत्रांवर वर ‘कोरम’ आणि पुढे न्यायमूर्तींची नावं असतात. म्हणजे तेवढ्या न्यायमूर्तींचा कोरम लागतो असं समजायचं का?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, डेक्कन

नाही. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, म्हणून घोटाळा होतो. निकालपत्रावरचा शब्द ‘सी’ने सुरू होतो, सभेचा ‘क्यू’ने. ‘सी’वाला कोरम हे लॅटिन शब्दयोगी अव्यय आहे, अर्थ ‘समोर’, ‘समक्ष’. खाली लिहिलेल्या न्यायमूर्तींसमोर प्रकरण चाललं, इतकीच ती माहिती. एकच नाव असेल तर एकलपीठ, दोन असतील तर खंडपीठ. ‘कोरम नॉन ज्युडिसे’ हा वाक्प्रयोग याच शब्दाचा: ज्याला अधिकारच नाही अशा न्यायाधीशासमोर चाललेलं काम.

किमान संख्येचा नियम न्यायालयांतही असतो. घटनेचा अर्थ लावण्याचा महत्त्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात किमान ५ न्यायमूर्तींपुढे चालला पाहिजे, असं अनुच्छेद १४५ (३) सांगतो. निकालपत्राच्या माथ्यावरच्या त्या शब्दाशी याचा संबंध नाही. वहीत मराठीत टिपणं काढत असाल तर एकाला ‘क्वोरम’ आणि दुसऱ्याला ‘कोरॅम’ लिहा.

सभा ‘पोस्टपोन’ झाली, ‘अ‍ॅडजर्न’ झाली, ‘कॅन्सल’ झाली. आमच्या समितीत तिन्ही एकाच अर्थाने वापरतात.
— समिती सदस्य, चिंचवड

वापरू नयेत, कारण प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे. ठरलेली वेळ येण्याआधीच तारीख बदलली तर पोस्टपोन, म्हणजे पुढे ढकलली. लोक जमले, वेळ झाली, मग कोरम नाही किंवा वेळ पुरला नाही म्हणून थांबवली तर अ‍ॅडजर्न, म्हणजे तहकूब. तहकूब सभा ही मूळ सभेचाच पुढचा भाग. विषयपत्रिका तीच राहते. रद्द झालेल्या सभेला पुढचा भाग नसतो. पुन्हा घ्यायची तर नवी नोटीस, नवे पूर्ण दिवस. इंग्रजीत कोरमसाठी ठरलेला वाक्प्रयोग ‘अ‍ॅडजर्न्ड फॉर वॉन्ट ऑफ क्वोरम’ असा आहे.

समितीच्या सभेला मात्र आपला २० चा नियम नाही. तिथे समितीच्या ठरलेल्या संख्येच्या निम्म्याहून जास्त सदस्य लागतात. ११ जणांच्या समितीला ६. दोघांनी राजीनामे दिले म्हणून ११ चे ९ धरून ५ वर काम भागवू नका.

आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. भागधारक आम्ही दोघे भाऊ, संचालक आम्ही दोघे आणि एक मित्र. सभा कागदावरच होतात. कोरम कसा धरायचा?
— उद्योजक, बाणेर

कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये दोन वेगळे हिशेब आहेत. भागधारकांच्या सभेसाठी कलम १०३: प्रायव्हेट कंपनीला दोन सभासद स्वतः हजर. तुम्ही दोघेच असल्याने एक भाऊ परगावी असला की कोरम गेला. प्रॉक्सी पाठवता येतो, पण प्रॉक्सी कोरममध्ये धरत नाहीत. अर्ध्या तासात कोरम न झाल्यास सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी जाते, आणि तिथेही अर्ध्या तासात न झाल्यास हजर असतील ते सभासद हाच कोरम. पब्लिक कंपनीला सभासद १,००० पर्यंत असतील तर ५, ५,००० पर्यंत १५, त्यापुढे ३०.

संचालक मंडळासाठी कलम १७४: एकूण संचालकांच्या एक-तृतीयांश किंवा दोन, यापैकी जास्त असेल ते. शेपूट इथे उलटं आहे. तुमचे तीन संचालक, एक-तृतीयांश म्हणजे एक. एक आणि दोन यांत जास्त दोन. अपूर्णांक आला तर पुढचा पूर्णांक धरायचा: सात संचालक असतील तर २.३३ म्हणजे तीन. व्हिडिओ कॉन्फरन्सने आलेला संचालक मोजला जातो, मात्र त्याची नोंद इतिवृत्तात असावी.

कंपनीने मित्राच्याच फर्मकडून माल घ्यायचा ठराव असेल तर मित्र त्या विषयात ‘हितसंबंधी’. पब्लिक कंपनीत असा संचालक त्या विषयापुरता कोरमबाहेर. प्रायव्हेट कंपनीला सवलत आहे: हितसंबंध जाहीर केल्यानंतर त्याला कोरममध्ये धरता येतं. जाहीर केल्याची नोंद आधी, मोजणी नंतर. क्रम उलटला तर सवलतीचा आधार जातो.

‘सभा कागदावरच होतात’ हे वाक्य आम्ही न वाचल्यासारखं करतो. तुमच्या कंपनी सेक्रेटरींना मात्र ते जरूर वाचायला द्या.

आमच्या मंडळाच्या घटनेत कोरमचा उल्लेखच नाही. नवे विश्वस्त निवडले, पण एका गटाने हरकत घेतली.
— मंडळाचे कार्यकर्ते, नारायण पेठ

बहुतेक नोंदणीकृत मंडळं १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशी दोन्हीकडे नोंदलेली असतात. दोन्हीपैकी कुठलाही कायदा सर्वसाधारण सभेसाठी २० किंवा ३० असा तयार आकडा देत नाही. आकडा घटनेतच असावा लागतो. तुमच्या घटनेत तो नाही, म्हणून हरकत कोरमवर फार काळ टिकणार नाही. ती नोटिशीवर आणि सभासद यादीवर येईल. तयारी तिथे करा.

विश्वस्त बदलले की कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. त्याला जोडायची कागदपत्रं: सभेच्या तारखेला वैध असलेल्या सभासदांची यादी, नोटीस कोणाला कशी पोचली याचा पुरावा, सह्यांसह हजेरीपट, ठरावाची प्रत. यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली नोटीस हा कच्चा दुवा असतो, कारण ग्रुपमध्ये नसलेला एखादा जुना सभासद हमखास निघतो.

हे प्रकरण मिटलं की घटनेत एक कलम घाला. आकडा मोठा ठेवायचा मोह होतो: ‘निम्मे सभासद हवेत’. तीनशे सभासद यादीवर आणि सभेला चाळीस, अशी स्थिती असेल तर तुम्ही पुढच्या सगळ्या सभा स्वतःच अडवल्यात. एक-पंचमांश किंवा २५, यापैकी कमी, असं काही बेताचं ठेवा आणि तहकूब सभेचं कलम लगेच खाली लिहा. संस्थेचा उद्देश बदलणं किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन होणं यांना १८६० च्या कायद्याची वेगळी अट आहे: विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, आणि महिन्याने दुसऱ्या विशेष सभेत तेवढ्याच मतांनी पुन्हा मंजुरी.

ग्रामसभेला किती माणसं लागतात?
— ग्रामपंचायत सदस्य, मुळशी तालुका

मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी असेल ती. ५०० मतदारांचं गाव असेल तर ७५. ७०० मतदारांचं असेल तर १०५ नाही, १००. पुण्याला लागून वाढलेल्या गावांत मतदार दहा-दहा हजार झाले तरी १०० च. कोरमअभावी तहकूब झालेल्या ग्रामसभेला पुन्हा कोरम लागत नाही.

विधिमंडळात शेपूट पुन्हा उलटं होतं: १० सदस्य किंवा एक-दशांश, यापैकी जास्त. महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य, म्हणून २९. विधान परिषदेत ७८, एक-दशांश ८ च्या आतच येतं, म्हणून १०. लोकसभेत ५४३ चे एक-दशांश, म्हणजे ५५.

सभा सुरू झाली तेव्हा २३ जण होते. जेवणाची ताटं लागली आणि ११ उरले. त्यानंतरचे ठराव धरायचे का?
— खजिनदार, सहकारनगर

संसद आणि विधिमंडळात याचं उत्तर घटनेतच आहे: कामकाज चालू असताना कधीही कोरम नाही असं दिसलं, तर सभागृह तहकूब करणं किंवा कोरम होईपर्यंत थांबवणं हे अध्यक्षांचं कर्तव्य आहे. सभागृहात घंटा वाजते ती याचसाठी. कंपन्यांच्या सचिवीय मानकांतही सभा संपेपर्यंत कोरम टिकला पाहिजे असं आहे.

सोसायटीतही तसंच वागणं शहाणपणाचं. अर्ध्या तासाची तरतूद सुरुवातीच्या कोरमसाठी आहे. मधेच माणसं उठून गेल्यावर तिचा आधार घेता येत नाही. म्हणून खर्चाचे आणि वादाचे विषय पत्रिकेत वर घ्या. प्रत्येक मोठ्या ठरावाखाली बाजूने किती, विरुद्ध किती, तटस्थ किती हे लिहा. तिन्हींची बेरीज २० किंवा जास्त असली की त्या ठरावापुरता प्रश्न मिटला. बेरीज कमी भरत असेल तर उरलेले विषय पुढच्या तारखेला न्या. आणि जेवण शेवटच्या ठरावानंतर वाढा. मसालेभाताचा वास सुटल्यावर ताळेबंदावर चर्चा होत नाही.

आमच्या डेटाबेस क्लस्टरमध्ये ‘क्वोरम लॉस्ट’ असा एरर येतो. हा तोच शब्द का? आणि नोड विषम संख्येत ठेवा असं का सांगतात?
— सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

तोच शब्द, पण नियम कडक. (इतरांसाठी: क्लस्टर म्हणजे एकच काम मिळून करणारे अनेक संगणक, नोड म्हणजे त्यातला एकेक.) इथे कोरम बहुधा एकूण नोडच्या निम्म्याहून जास्त: ३ पैकी २, ५ पैकी ३. ‘एकूण’ म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये नोंदलेले. बंद पडलेलाही मोजला जातो. चार नोड ठेवले तर कोरम ३ चा होतो, म्हणजे एकच नोड पडलेला चालतो. तीन ठेवले तरी एकच पडलेला चालतो. चौथ्याचा खर्च वाढला, सहनशक्ती नाही. शिवाय नेटवर्क मधोमध तुटून दोन-दोन असे गट पडले तर कुठल्याच गटाकडे कोरम राहत नाही आणि लिहिणं थांबतं.

निम्म्याहून जास्तची अट असते ती एकाच वेळी दोन गटांनी दोन वेगळे निर्णय घेऊ नयेत म्हणून. कुठलीही दोन बहुमतं घेतली तरी त्यांत किमान एक नोड सामाईक असतोच. सोसायटीच्या २० च्या कोरमला ही हमी नाही. ६०० सभासदांत वीस-वीसचे तीस गट पडतात. तिथे ते काम नोटीस आणि एकच अधिकृत सभा करते, क्लस्टरमध्ये नोटीस काढणारा सचिव नसतो.

एरर आलाच तर आधी जिवंत नोडची संख्या आणि नोंदलेल्या नोडची संख्या शेजारी शेजारी लिहून पाहा. जुना, कायमचा काढून टाकलेला नोड यादीतून वगळायचा राहून गेलेला असणं, हे त्यामागचं नेहमीचं कारण. वगळताना तो आधी यादीतून काढा, मग नवा जोडा. तीन नोडच्या क्लस्टरमध्ये मेलेला यादीत ठेवून चौथा जोडला, तर कोरम ३ वर जातो, आणि नवा नोड नीट सुरू झाला नाही तर उरलेले दोघे मिळूनही काही करू शकत नाहीत.